सडबरीचं निकेल आलं कुठून?

नमस्कार मंडळी! कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सडबरी नावाचं शहर आहे. 1883 साली तिथे रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना गंज चढल्यासारखा तांबूस दगड उघडा पडला. लोक धावले ते तांब्यासाठी. निकेल तेव्हा नकोसंच होतं. पुढे हाच भाग जगातल्या सर्वांत मोठ्या निकेल क्षेत्रांमध्ये गणला गेला.

सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वी इथे अवकाशातून आलेला प्रचंड गोळा आदळला. आपलं लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद. सडबरीचं मूळ विवर 200 किलोमीटरच्या आसपास असावं. अशनींमध्ये निकेल असतं, त्यामुळे हे निकेलही वरूनच आलं असं पुष्कळांना वाटतं. पण तसं नाही. आघातानं तिथलंच पृथ्वीचं कवच वितळलं आणि धातू आले ते त्या कवचातून.

पण कवचात निकेल तर सगळीकडे कणाकणानं विखुरलेलं! एका जागी कसं जमलं? ही किमया गंधकाची. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, निवताना त्यात गंधक मावेनासं होतं आणि लोह-गंधकाचा वेगळाच द्रव सुटतो. मिसळीच्या रश्श्यात तर्री मिसळत नाही ना, तसा. फक्त हा द्रव जड, म्हणून तळाला बसतो. निकेलला तर शिलारसापेक्षा हा द्रव शेकडो पटींनी प्रिय! थेंब बुडता बुडता निकेल, तांबं, प्लॅटिनम गोळा करत जातात. मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे हा द्रव थिजतो. आधी लोह आणि निकेल सामावून घेणारा सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, घन बनतो. तो आणखी थंड झाला, की त्याच्या पोटातून पेंटलँडाइट नावाचं खनिज वेगळं होतं. यात वजनानं जवळजवळ एक तृतीयांश निकेल असतं. उरतं ते कांस्य रंगाचं पायऱ्होटाइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. ते बहुतेक वेळा लोहचुंबकाला चिकटतं, पेंटलँडाइट चिकटत नाही. खनिजं वेगळी करताना याचा उपयोग होतो.

तांबं मात्र शेवटपर्यंत द्रवातच राहतं. तो उरलेला रस तळखडकाच्या, म्हणजे खालच्या मूळ खडकाच्या, भेगांमध्ये शिरतो आणि तिथे चॅल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाच्या पिवळ्याधमक शिरा तयार होतात, सोबत प्लॅटिनम आणि पॅलेडियमही. म्हणून सडबरीत मुख्य खनिजसाठ्याखाली, तळखडकातही ड्रिलिंग करतात. प्लॅटिनम आणि आर्सेनिकचं स्पेरीलाइट हे खनिज जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही सडबरीतच, 1889 साली.