जुनी सीडी कुठे आहे?

मघाशी प्रास्ताविकात प्रश्न आला, आता कॉम्प्युटरच स्कॅन वाचणार का? त्याआधी एक हिशेब करू. फुफ्फुसातली गाठ मागच्या सीटीत ६ मिलिमीटर होती, आज ७ आहे. किती वाढली? एक मिलिमीटर, बरोबर? मीही कैक वर्षं रिपोर्टात तेच लिहीत होतो. पण गाठ म्हणजे काही दोरी नव्हे, तुरीच्या दाण्याएवढा गोळा आहे. त्याचं घनफळ ११३ घन मिलिमीटरवरून १८० वर गेलं, म्हणजे जवळजवळ साठ टक्के वाढ! आणि तो एक मिलिमीटर तरी खरा का? माउसवरचा माझा हात जरा हलला, की तेवढा फरक पडतोच.

म्हणून नेदरलँड्स-बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत, म्हणजे सीटीने फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर शोधण्याच्या मोठ्या अभ्यासात, व्यासाऐवजी घनफळ मोजलं. २०२० साली तिचे निष्कर्ष आले. तिथे २५ टक्क्यांहून कमी फरक वाढ म्हणून धरतच नव्हते. वाढ असेल तर पुढचा प्रश्न, दुप्पट व्हायला किती दिवस? ४०० च्या आत असेल तर कॅन्सरचा संशय. आपली गाठ सहा महिन्यांत वाढली असेल तर २७० दिवस, वर्षभरात वाढली असेल तर साडेपाचशेच्या आसपास. गाठ तीच, पण तारखेने अर्थ बदलला. आठ-पंधरा दिवसांत दुप्पट झाली, तर बहुधा जंतुसंसर्ग.

खरी मेहनत आहे जुनीच गाठ नव्या स्कॅनमध्ये शोधण्यात. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हटलं तरी दोन्ही वेळा श्वास सारखा भरत नाही. खालच्या भागातली गाठ चांगली दोन सेंटिमीटर सरकते. मग कॉम्प्युटर रक्तवाहिन्यांचे फाटे खुणेला धरतो आणि जुनं चित्र रबरासारखं ताणून नव्यावर बसवतो. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. सातबाऱ्याशी संबंध नाही! यात एक मेख आहे. फार ताणलं तर वाढलेली गाठही जुन्या मापात चपखल बसते, आणि वाढच दिसेनाशी होते. म्हणून ताणलेलं चित्र जागा सापडण्यापुरतं. माप मूळ स्कॅनवरच घ्यायचं.

आपल्याकडे टीबीचे गाठीसारखे दिसणारे जुने व्रण इतक्या छातींत असतात, की जुन्या स्कॅनशी तुलनेशिवाय बोलणंच अवघड. गेल्या वर्षी एक काका आले. पिशवीत मोठा लिफाफा, फिल्म अगदी कोऱ्या करकरीत. सीडी? ‘ती होय, नातवाने टाकली.’ जिथे स्कॅन काढला तिथे फोन केला, तर डेटा पुसलेला. फिल्मवर पाच-पाच मिलिमीटर जाडीचे काप. ६ मिलिमीटरची गाठ कशीबशी दोन चौकटींत दिसणार. सीडीवरचे एक मिलिमीटरचे काप असते, तर सहा-सात ठिकाणी सापडली असती.

दोन्ही स्कॅन ताडून पाहणारं महागडं सॉफ्टवेअर शेजारीच उघडं होतं. मी फिल्म लाइटबॉक्सवर लावली आणि ड्रॉवरमधून पट्टी काढली.