वेबसॉकेटच्या क्लासला काय जोडावं, काय जोडू नये

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं, दोन्ही बाजूंनी निरोप पाठवता येणारं, उघडं राहणारं कनेक्शन. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी असलेला ब्राउझरमधला क्लास मुद्दाम सुटसुटीत ठेवलेला आहे: सेंड, क्लोज आणि चार इव्हेंट (ओपन, मेसेज, एरर, क्लोज). बाकीचं आपण लिहायचं, आणि ते सबक्लासमध्ये, म्हणजे त्यावरून बनवलेल्या आपल्या क्लासमध्ये लिहावं. वेबसॉकेटच्या मूळ प्रोटोटाइपला (सगळे सॉकेट ज्यातून मेथड घेतात त्या सामायिक ऑब्जेक्टला) हात लावू नका, कारण त्याच पानावरच्या इतर लायब्रऱ्यांनाही तुमच्या मेथड चिकटतात. टाइपस्क्रिप्टचं टार्गेट, म्हणजे ती ज्या जावास्क्रिप्ट आवृत्तीत रूपांतरित होते ती, जुनी ईएस५ असेल तर मूळ क्लासला बोलावणाऱ्या सुपरच्या ओळीवरच टाइपएरर येतो. टार्गेट ईएस२०१५ किंवा त्यापुढचं ठेवा.

पहिली मेथड कनेक्शन उघडण्याची वाट पाहणारी. ती प्रॉमिस परत देते, म्हणजे पुढे रिझॉल्व्ह (यशस्वी) किंवा रिजेक्ट (अयशस्वी) होणारा ऑब्जेक्ट. ओपन इव्हेंट एकदाच येतो; मध्ये कुठे अवेट झालं, म्हणजे कोड दुसऱ्या कशासाठी थांबला, आणि मग लिसनर (इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन) लावला, तर तो कायमचा हुकू शकतो. म्हणून आधी रेडीस्टेट, म्हणजे कनेक्शनची अवस्था बघा (० जोडत आहे, १ उघडं, २ बंद होत आहे, ३ बंद): १ असेल तर लगेच रिझॉल्व्ह, २ किंवा ३ असेल तर रिजेक्ट. ० असेल तरच लिसनर लावा. रिजेक्ट एररवर नको, क्लोजवर करा. एरर इव्हेंटमध्ये कारण नसतं, क्लोजमध्ये निदान कोड तरी मिळतो.

दुसरी मेथड ऑब्जेक्टचं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) करून पाठवणारी, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. साध्या सेंडला ऑब्जेक्ट दिला तर त्याची निरुपयोगी स्ट्रिंग होऊन जाते. कनेक्शन उघडायच्या आत सेंड केलं तर एक्सेप्शन मिळतं, ते बरं. बंद झाल्यावर केलं तर मात्र काहीच तक्रार होत नाही. डेटा टाकून दिला जातो, फक्त बफर्डअमाउंट, म्हणजे न गेलेल्या बाइटचा आकडा, वाढत राहतो. तेव्हा रेडीस्टेट १ नसेल तर आपल्या मेथडने स्वतः एरर फेकलाच पाहिजे.

विचारून उत्तर मिळवणाऱ्या मेथडला प्रत्येक निरोपासोबत आयडी लागतो, आणि सर्व्हरने तोच परत पाठवावा लागतो. उत्तराची वाट पाहणारे थकीत प्रॉमिस आयडीनुसार मॅपमध्ये ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा. क्लोज आला की मॅपमधलं सगळं रिजेक्ट करून टायमर काढा. हे राहिलं तर कनेक्शन तुटल्याचं माहीत असूनही स्क्रीनवरचं चक्र दहा सेकंद फिरत राहतं.

क्लोजला कोड १००० किंवा ३००० ते ४९९९ एवढेच चालतात. कारणाची मर्यादा १२३ बाइट आहे, आणि मराठीत कारण लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्राही वेगळी मोजली जाते. ‘जोडणी’ म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. एकूण ४१ चिन्हं बसतात. पुढे गेलात की सिंटॅक्सएरर.

तुटल्यावर पुन्हा जोडण्याचं काम मात्र सबक्लासमध्ये घालू नका. बंद झालेला सॉकेट पुन्हा उघडता येत नाही, नवाच बनवावा लागतो. मग जुन्यावर लावलेले लिसनर तिथेच राहतात. त्यासाठी बाहेर वेगळा क्लास ठेवा, जो आत आपला सॉकेट सांभाळतो आणि गरज पडली की बदलतो. एक, दोन, चार सेकंद असं थांबत तीसपर्यंत जा, आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा. नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे क्लायंट पुन्हा जोडण्यासाठी एकदम त्याच्यावर तुटून पडतात. थकीत विनंत्या आपोआप पुन्हा पाठवू नका: सर्व्हरने त्या पूर्ण केल्या असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल, तर ऑर्डर दोनदा नोंदली जाईल.