तरंगंबाडीची शाळा आणि तंजावरचे सरफोजीराजे

(दृश्य: तमिळनाडूतल्या तरंगंबाडीचा किनारा, डेन्मार्कचा जुना किल्ला)

९ जुलै १७०६. जहाजातून दोन तरुण जर्मन धर्मोपदेशक या किनाऱ्यावर उतरतात, बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाव. बंदर डेन्मार्कचं, दोघांना पाठवणारा राजाही डेन्मार्कचाच. पण भोवतालचा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. गादीवर आहेत व्यंकोजीराजांचे चिरंजीव शाहाजीराजे.

दोघंही लुथरपंथीय. या पंथाचा प्रवर्तक, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यानं १५२४ सालीच जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना लिहून कळवलं होतं, की शाळा काढा, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. देवाचं वचन ज्यानं त्यानं आपल्या भाषेत वाचायचं, तर आधी अक्षरओळख हवी. त्सीगनबाल्गनं सुरुवात स्वतःपासून केली. गावठी शाळेतल्या पोरांशेजारी बसून तो वाळूत बोटानं तमिळ अक्षरं गिरवू लागला. १७०७ मध्ये त्यानं मुलींची शाळा काढली. पुढे जर्मनीतल्या हाले शहरातून छपाईचे तमिळ खिळे आले, आणि १७१५ पर्यंत बायबलमधला नवा करार तमिळमध्ये छापून झाला.

मला तो सर्वांत जवळचा वाटतो त्याच्या संवादांमुळे. ब्राह्मणांशी, मुसलमानांशी तो तासन् तास बोले. पत्रांतून प्रश्न विचारी, आणि आलेली उत्तरं जर्मनमध्ये उतरवून हालेला पाठवी. उत्तरं देणारे कुणी दबून लिहीत नाहीत. तुमचे लोक दारू पितात, गाई खातात, मग तुमचा धर्म आम्ही का घ्यावा, असं ते सरळ विचारतात. हे सगळं हालेत छापलं गेलं. तमिळ देवतांवरचा त्याचा ग्रंथ मात्र पडून राहिला, तो थेट १८६७ साली मद्रासमध्ये निघाला.

(दृश्य: तंजावरचा राजवाडा)

या शाळेचा धागा मराठ्यांच्या वाड्यात पोचला तो क्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झमुळे. हालेत शिकलेला हा माणूस १७५० मध्ये तरंगंबाडीला आला आणि पुढे तंजावरात राहिला. १७८७ मध्ये तंजावरच्या मरणासन्न तुळजाराजांनी सरफोजींना दत्तक घेतलं आणि श्वार्ट्झला त्यांचा सांभाळ करण्याची गळ घातली. राज्य मात्र तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्या हाती गेलं. त्यांच्या अमलात या मुलाचे हाल झाले. त्याचं शिक्षण व्हावं, त्याचा जीव वाचावा म्हणून श्वार्ट्झ ईस्ट इंडिया कंपनीकडे सतत दाद मागत राहिला. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलवलं गेलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या लुथरपंथीय मिशनऱ्यानं त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं.

फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

(दृश्य: तंजावरच्या चर्चमधलं संगमरवरी शिल्प)

गुरूसाठी त्यांनी इंग्लंडचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून हे शिल्प करवून घेतलं. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि राजे त्याचा निरोप घेताहेत. त्याला अनाथांचा पिता, विधवांचा आधार म्हणणाऱ्या इंग्रजी ओळी खुद्द राजांच्या आहेत.

सरफोजी ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेणारे राजे हेच, आणि काशीयात्रा करणारेही हेच. धर्म घरचा ठेवून त्यांनी विद्या मोकळ्या मनानं घेतली, आणि ती देणाऱ्यावरची माया कधी लपवली नाही. इतका निर्मळ व्यवहार इतिहासात क्वचित दिसतो.

१७९९ च्या तहानं कारभार कंपनीकडे गेला. राजांनी आपलं लक्ष ग्रंथांकडे वळवलं. सरस्वती महाल या ग्रंथालयाचा संग्रह वाढवला, वाड्यात छापखाना घातला, आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ देवनागरी खिळ्यांत छापला. ओरथनाडच्या मुक्तांबाळ छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, वाटसरूंना जेवण मिळे आणि मुलांना मोफत शिक्षण. शिवाय तंजावरच्या मुलुखातल्या एका गावी गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोटाची आणि शिक्षणाची सोय राजांनी आपल्या खर्चानं लावून दिली.