तांबट आळीतले अण्णा

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुम्हाला ठाऊक असेलच. पेशवाईत कोकणातून आलेले कारागीर तिथं वसले. आमचे शेजारी अण्णा त्यांच्यातलेच. गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं, म्हणून आज त्यांच्याविषयी.

अण्णांचं काम मठाराचं, म्हणजे भांडं हातोडीनं ठोकून ठोकून पक्कं करायचं. तांब्याचा पत्रा मुळात मऊ. ठोकून ठोकून तो कडक होतो, आणि फारच ठोकला तर तडकतो. म्हणून मधेच भट्टीत लाल करायचा, पुन्हा मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. लक्षात ठेवा, ठोक्यानं कडक, आगीनं मऊ. भांड्यावर जे चकाकते ठसे दिसतात ते नुसते शोभेचे नव्हेत, भांड्याला ताकद त्यांनीच येते. हल्ली यंत्रानं खळगे पाडलेल्या बाटल्या दुकानात मांडतात आणि लोक त्या कौतुकानं दिवाळीत भेट देतात. देवोत बापडे!

या ठोक्यांनी अण्णांचे कान साठीच्या आतच गेले. काकू त्यांच्याशी खुणेनं बोलायच्या. काकूंचा निरोप कधी चुकला नाही, बाकीच्यांचे मात्र सोयीनं चुकायचे.

आता मला सांगायचीय ती गोष्ट. थोरलीसाठी वाईचं स्थळ आलं. पत्रिका जुळली होती. (पत्रिका जुळवणाऱ्यांनी एकदा मोरीत डोकावून बघावं, असं माझं मत आहे.) स्वारगेटहून एसटीनं अण्णा, काकू आणि सामान धरायला मी, असे तिघं गेलो. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील शेतीचं सांगत होते, अण्णा मान हलवत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. मग हात धुवायला म्हणून उठले ते मोरीत जाऊन बसले. बराच वेळ झाला तरी येईनात, तेव्हा काकूंनी मला पाठवलं.

बघतो तर अण्णा बंबापुढे उकिडवे! बोटांनी तळ चाचपत होते. बंबाचं तुम्हाला माहीत आहेच, मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आत पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी आटलं की संपलं. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, सांध्याचा डाख, म्हणजे जोडायला ओतलेला धातू, तोही सुटतो. आळशी घरातला बंब गळतो तो असा. हा बंब जुना होता, तोटीपाशी थेंब धरत होता, पण तळ कुठं करपलेला नव्हता. अण्णांनी मला हात धरून मागं नेलं. भिंतीकडची बाजू! तिथंही चिंच लागलेली, तांबं लखलखत होतं.

बाहेर येऊन अण्णांनी आळीतल्या आवाजात विचारलं, "बंब कोण घासतं हो?"

सगळे गप्प. मुलाची आई ओशाळून म्हणाली, "हाच घासतो. माझे सांधे धरलेत ना." मुलगा खाली बघायला लागला. अण्णांना शब्द कळले नसणार, पण बोट कुणाकडं गेलं ते दिसलं. म्हणाले, "पुढून कुणीही घासतं. तारीख काढा."

काकू एसटीत वाईपासून खंबाटकी घाटापर्यंत खुणांनी भांडल्या. पगार विचारला नाहीत, शेत किती ते विचारलं नाहीत. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. हा एकच निरोप त्यांनी काकूंचा चुकवला.

लग्न झालं. दिवाळसणाला जावई आला तेव्हा त्याच्यासोबत तो बंबही आला, अण्णांनीच मागवला होता. पाडव्याला आधी तोटीचा सांधा नवा झाला, आत ताजी कल्हई झाली, आणि मग जावयाच्या बोटात अंगठी गेली. आता त्या घरी गॅसचा गिझर आहे. तरी जावईबुवा बंब घासतात, आणि मागची बाजू आधी.