भाकरी थापणारे हात

कोल्हापूर स्टँडवरून शाहूपुरीत शिरलं की एका खानावळीच्या दारात पाटी दिसते : 'कामगार पाहिजेत. राहण्या-जेवणाची सोय.' पाटीचा रंग उडालाय. फोन नंबर तेवढा नव्यानं रंगवलाय.

चार दारं पुढं दुसरी खानावळ. सकाळचे ११. मावशी परातीत भाकरी थापतायत. पाण्याचा हात फिरला, भाकरी तव्यावरून थेट जाळावर गेली, टम्म फुगली. तोवर पुढचा गोळा मळून तयार. तांबडा-पांढरा रस्सा वस्तादाच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या हातचा, पण मावशी एक दिवस आल्या नाहीत तर गिऱ्हाईक दारातनं माघारी जातं. बुधवार, शुक्रवार, रविवार तर विचारूच नका.

खानावळ सोडून माणसं जातात कुठं? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. एमआयडीसीत पाळी संपली की माणूस मोकळा. खानावळीत दुपारी ३ ला सुटायचं, ६ ला परत यायचं, रात्री ११ ला मोरी धुऊन निघायचं. मधले तीन तास ना घरचे, ना कामाचे. पगारात हजार रुपये वाढवून हे दुखणं जात नाही.

मग मालक उचल देतात. पैसे अंगावर असले की माणूस टिकेल, असा हिशेब. तोच माणूस एका रात्री फोन बंद करून गावी जातो.

इथल्या मालकीणबाईंनी पाळ्याच बदलल्या. मावशींना सलग ९ ते ५, रात्रीसाठी वेगळ्या दोघी. कुणाची सुट्टी कधी, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं. १० माणसं कामाला असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. रश्श्याच्या वाफेनं हात भाजला तर उपचार त्यातून होतात. रोज जाळाशी उभ्या राहणाऱ्या बाईला याचा केवढा आधार!

आणि हाक. इथं वाढप्याला कुणी 'ए पोऱ्या' म्हणत नाही. याच शहरात, भाऊसिंगजी रोडवर, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहा प्यायले. अस्पृश्याच्या हातचा चहा लोक घेत नव्हते तेव्हा. राबणाऱ्या हाताचा मान कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वी बघितलाय. तो आज गल्ल्यावरच्या माणसाला जड का जावा?

५ वाजले. मावशींनी परात धुऊन उपडी घातली. रात्रीच्या ताईंनी पदर खोचला.

"मावशी, कणकेला मीठ घातलंय न्हवं?"

"घातलंय गं," म्हणत मावशींनी चपला पायात सरकवल्या. साडेपाचची केएमटी बस गाठायचीय.