रातांब्याला किती तारे?

(दृश्य : कणकवली एसटी स्टँड. टपरीवर लटकलेल्या वेफर्सच्या माळा.)

पाकिटाच्या पुढच्या बाजूला चीज, टोमॅटो आणि हसरा क्रिकेटपटू. मीठ किती, साखर किती, ते मागे, बारीक अक्षरांत. तेही इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियमाचं भागतं. मराठीची सक्ती नाही.

(दृश्य : काळा अष्टकोन.)

चिलीने 2016 मध्ये हे काम चित्रावर सोपवलं. साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर गेल्या, की पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन. अशा पाकिटावर कार्टून छापायचं नाही, शाळेत ते विकायचंही नाही. त्यानंतर तिथल्या घरांत साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. श्रेय एकट्या अष्टकोनाचं नव्हे, तिन्ही बंधनांचं मिळून. कंपन्यांनी शिक्का टाळायला साखर कमी केली, तर काहींनी तिच्या जागी कृत्रिम गोडवा घातला. मेक्सिकोने 2020 मध्ये त्याचीही वेगळी सूचना पाकिटावर आणली.

आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2022 च्या मसुद्यात अष्टकोन नव्हता, तारे होते. अर्ध्यापासून पाचपर्यंत. साखर-मिठाचे गुण वजा, पण फळं, डाळी, सुकामेवा असला की अधिक. म्हणजे थोडे बदाम टाकून साखरेचा डाग धुवून काढायची सोय! एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या पुढच्या लेबलाचं काय ते ठरवायला तीन महिन्यांची मुदत दिली, पुढे ती वाढवलीही.

(दृश्य : रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडणाऱ्या बायका, साखर घातलेली बरणी.)

अमृत कोकम म्हणजे रातांब्याची सालं आणि भरपूर साखर. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ. शिक्का आला तर बचत गटाच्या बाटलीवरही यायला हवा. घरगुती आहे म्हणून साखर कमी होत नाही. प्रश्न मोजमापाचा आहे. मसुद्यातला हिशोब 100 मिलिलिटरवर. अमृत कोकम तसं कुणी पीत नाही, त्यात कितीतरी पाणी पडतं. तेव्हा आकडा बाटलीतल्या पाकाचा धरायचा की पेल्यातल्या सरबताचा, हे नियमात स्पष्ट लिहावं लागेल.

(दृश्य : अंगणात वाळणारी साटं, म्हणजे आंबापोळ्या.)

चिलीचा कायदा वरून घातलेली साखर, मीठ, चरबी बघतो. निव्वळ रस वाळवून केलेल्या आंबापोळीला तिथे अष्टकोन लागणार नाही. साखर घालून केलेलीला लागू शकतो. आपल्या बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात, आणि दोन्हींच्या पाकिटावर हापूसचंच चित्र.