हॅप्ली म्हणजे ‘आनंदाने’ नव्हे

नमस्कार श्रोतेहो. जुनी इंग्रजी कविता वाचताना एक छोटा शब्द हमखास चकवतो: हॅप्ली. त्यात पी एकच, आणि मधला आय नाही. घाईत डोळा ‘हॅपिली’ वाचून जातो, मोबाइल तर परस्पर तशी दुरुस्तीही करतो, आणि ‘कदाचित’च्या जागी ‘आनंदाने’ येऊन बसते.

मूळ शब्द ‘हॅप’, म्हणजे योगायोग, नशीब. तो जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. हॅपन, मिसहॅप, परहॅप्स ही त्याचीच पिल्ले. हॅपीसुद्धा, त्याचा आधीचा अर्थ ‘नशीबवान’, सुख मागाहून चिकटले.

शंका आली तर ओळ मोठ्याने म्हणा आणि सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारात पडणारे तुकडे, मोजा. शेक्सपिअरच्या एकोणतिसाव्या सुनीतात, म्हणजे 1609 च्या संग्रहात, ओळ आहे: ‘हॅप्ली आय थिंक ऑन दी, अँड देन माय स्टेट’. बरोबर दहा सिलॅबल. हॅपिली म्हणालात की अकरा होतात आणि ओळ लंगडते. नशिबाला बोल लावत बसलेल्या माणसाला सहज, ध्यानीमनी नसताना प्रिय व्यक्ती आठवते, हा तिथला अर्थ. पुढे मन चंडोलासारखे उंच जाते, म्हणून आनंदाचा पडसाद ऐकू येतो खरा. पण तो पडसादच.

ही मोजणी उच्चार सांगते, अर्थाची हमी देत नाही. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात होरेशिओ भुताला विचारतो तेव्हा शब्द हॅपिली आहे, तीन सिलॅबलचा, तरी संपादक टिपेत ‘कदाचित’ असाच अर्थ देतात. त्या काळी दोन्ही रूपे एकमेकांच्या जागी चालत. तेव्हा शेक्सपिअर वाचताना टिपा असलेली प्रतच घ्यावी.

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, शब्दाआधी काय आहे ते पाहा. ‘इफ हॅप्ली’ असेल तर आशा: मार्कच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, येशू अंजिराच्या झाडाकडे जातो, काही मिळाले तर मिळाले म्हणून. ‘लेस्ट हॅप्ली’ असेल तर धास्ती, कारण लेस्ट म्हणजे ‘तसे होऊ नये म्हणून’. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5: गमलिएल हा यहुदी धर्मगुरू न्यायसभेला येशूच्या प्रेषितांबद्दल बजावतो, या माणसांच्या वाटेला जाऊ नका, न जाणो, देवाशीच झुंजणारे ठराल. इथे मूळ ग्रीक ‘मेपोते’. मराठीत ‘कदाचित’ इथे मिळमिळीत वाटते, ‘न जाणो’ नेमके बसते.

बायबलच्याच ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात, अध्याय 14, वचन 30 मध्ये मात्र हा नियम मोडतो. ‘इफ हॅप्ली’ आहे, पण आशा नाही. उपाशी सैन्याबद्दल राजपुत्र योनाथान बोलतोय: लोक आज पोटभर जेवले असते तर! मूळ हिब्रू शब्द ‘लू’, न घडलेल्या गोष्टीसाठीचा. तिथे ‘कदाचित’ घालू नये. ‘असते तर’ एवढ्यानेच काम भागते.